अस्तराखालचं पान

मी संशयी माणूस आहे. दूधवाल्याने आज दुधात पाणी घातलं नसेल, तर का नाही घातलं, असा विचार करणारा. घरच्यांनी यावरून माझी पुष्कळ टर उडवली आहे. पण कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरात मी सत्तावीस वर्षं पुस्तकं बांधतोय, आणि या धंद्यात संशय कामाला येतो. पानं मोजून घ्यावी लागतात, शिवण ओढून बघावी लागते. "सगळं बरोबर आहे, मामा," असं म्हणणाऱ्याच्या प्रबंधात हमखास एक पान उलटं निघतं.

कॉलेजात सगळेच मला मामा म्हणतात. खरी भाची मात्र एकच, आणि ही गोष्ट तिची आहे. थोडी माझीही आहे, पण ती सांगायला जड जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

भाची रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. ताईने तिला माझ्या भरवशावर इथे पाठवलं होतं. "तुझ्या नजरेखाली राहील," ताई म्हणाली होती. नजरेखाली राहिली ती, पण तेल कंपनीच्या मागे हात धुऊन लागली. आमच्या कॉलेजात तेल कंपनी म्हणजे घरजावईच. नवी इमारत कंपनीची, तीन प्राध्यापकांचे पगार कंपनीचे, वाचनकक्षाच्या दारावर कंपनीचं नाव, आणि ग्रंथालयाच्या तळमजल्यावर कंपनीचा एक समन्वयक कायमचा बसलेला. हा माणूस इतका गोड बोलायचा की पोरांनी त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं होतं. कंपनीचा पैसा आणि कंपनीचा माणूस दोन्ही कॉलेजातून बाहेर काढा, एवढीच भाचीची आणि तिच्या सात-आठ सोबत्यांची मागणी होती.

त्यांच्या बैठका माझ्या तळघरात व्हायच्या. सबंध कॉलेजात तेवढ्या एकाच खोलीत कॅमेरा नव्हता. नियम कडक होते. दारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आल्या आल्या सगळ्यांनी फोन त्यात ठेवायचे. जे ठरेल ते कागदावर लिहायचं आणि पाठ झालं की कागद टाकून द्यायचा. "फोन फितूर होतो, कागद होत नाही," भाची म्हणायची.

"माझ्या खोक्यात टाका," मी छाती पुढे काढून म्हणायचो. "माझ्याकडची रद्दी भंगारात जात नाही. एक कागद फुकट घालवत नाही मी."

ते खरंच होतं. पाठकोरे कागद तर सोडाच, दोन्ही बाजूंनी भरलेला कागदही मी वापरतो. बांधणीचा पुठ्ठा वाळताना वाकतो. तो वाकू नये म्हणून आतल्या बाजूला रद्दीचा एक अख्खा कागद खळीने चिकटवायचा, आणि त्यावर अस्तराचं पान. वरून काही दिसत नाही. उरलेली रद्दी तयार पुस्तकं गुंडाळून द्यायला. ही माझ्या वस्तादाची शिकवण, आणि मी ती कधी मोडली नाही.

मग गोष्टी बिघडायला लागल्या. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तिसऱ्या रांगेत बसायचं आणि भाषण सुरू झालं की उठून पाठ फिरवायची, असं पोरांनी ठरवलं. जाऊन पाहतात तर फक्त तिसऱ्या रांगेला 'पाहुण्यांसाठी राखीव' अशा चिठ्ठ्या. नोकरभरतीच्या मेळाव्याआधी जिन्याच्या भिंतीवर फलक लावायचे ठरले, तर आदल्या दिवशी नेमक्या त्याच भिंतीला रंग दिलेला. पहिल्या वेळी मला योगायोग वाटला नाही, दुसऱ्या वेळी तर मनात पाल चुकचुकायचीच थांबेना. तिसऱ्या वेळी मात्र कहर झाला. कंपनीचे एक मोठे साहेब व्याख्यानाला आले होते. पोरांनी नऊ प्रश्न तयार केले होते. साहेबांनी खिशातून छापील कागद काढला आणि नऊच्या नऊ उत्तरं ओळीने वाचून दाखवली. कुणी प्रश्न विचारायच्या आधी!

भाचीचं डोकं फिरलं. तिने माईक हिसकावला आणि भर सभागृहात ओरडली, "तुमची कंपनी आमच्या कॉलेजातले प्रबंध जमा व्हायच्या आधी वाचते आणि नको ती पानं बदलून घेते!"

मी मागच्या दारात उभा होतो, तो दाराआड सरकलो. कारण ही गोष्ट तिला मीच सांगितली होती, एकदा जेवताना, सहज. तेल विभागाचे प्रबंध माझ्याकडे दोनदा येतात. एकदा कच्च्या बांधणीला. मग ते कुठेतरी फिरून येतात आणि विभागाचा कारकून म्हणतो, "मामा, ही चार पानं काढा, ही चार घाला." मी काढतो, घालतो. का, हे विचारायला मी कोण?

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. पंधरा दिवसांत चौकशी समितीपुढे पुरावा द्या, नाहीतर लेखी माफी मागा. दोन्ही नाही केलं तर कॉलेजातून नाव काढण्यात येईल. शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. चार वर्षांचं शिक्षण एका सहीत पाण्यात गेलं असतं.

"माफी माग," मी म्हणालो. "चार ओळी लिहायच्यात. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"खोटं बोलले असते तर मागितली असती, मामा. तूच सांगितलंस ना मला? मग मी खोटं बोलले का?"

पुरावा आणायचा कुठून? कपाटातल्या प्रबंधात तर बदललेलीच पानं होती. जुन्या संशोधकांना फोन केले. एक म्हणाला, मी आता कंपनीतच नोकरीला आहे. दुसरीने आवाज ऐकून फोन ठेवून दिला.

त्यात घरचा भेदी कोण, हा भुंगा डोक्यात. मी डोळ्यांत तेल घालून एकेकाकडे बघायला लागलो आणि माझी नजर घुमीवर ठरली. घुमी म्हणजे भाचीची खोलीतली जोडीदारीण. पहिल्या वर्षापासून दोघी एकत्र. पोरगी बैठकीत कोपऱ्यातल्या दाबयंत्राला टेकून बसायची आणि तासाभरात दोन वाक्यं बोलायची, म्हणून ते नाव पडलं होतं. आणि तिचे वडील त्याच कंपनीचा टँकर चालवायचे.

"बापाची भाकरी जिथून येते, तिथे पोरगी इमान ठेवणारच," मी भाचीला म्हणालो. "लक्ष ठेव तिच्यावर. जो बोलत नाही तो ऐकत असतो."

आधी भाची माझ्यावर चिडली. पण संशयाचं बी पेरायला मी वाकबगार. मी रोज थोडं पाणी घालत गेलो. परवा ती उशिरा का आली? वडिलांचा फोन आला की बाहेर जाऊन का बोलते? शेवटी एका बैठकीत भाचीने सगळ्यांसमोर विचारलं, "तू सांगतेस का त्यांना?"

घुमीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"मी नाही," ती म्हणाली.

"मग कोण?"

"ते मला काय माहीत? पण तू ठरवूनच विचारतेयस."

भाची मग बरंच काही बोलली. बापाचं मीठ, पाठीत सुरा, असलं. घुमीने डब्यातून आपला फोन काढला, दप्तर उचललं आणि जिना चढून गेली. त्याच दिवशी तिने खोलीही बदलली. मला वाटलं, चला, घाण गेली. असं वाटलं होतं, ते लपवत नाही.

पुढच्या बैठकीत घुमी नव्हती. मंगळवारी मुख्य पायऱ्यांवर बसून निषेध करायचा असं ठरलं, कागदावर लिहिलं, कागद खोक्यात. आणि मंगळवारी सकाळी पायऱ्यांना दोरी बांधलेली होती, 'दुरुस्तीसाठी बंद'. एक फरशी हलवलेली नव्हती.

आता उरलेली पोरंपोरी एकमेकांकडे चोरासारखी बघायला लागली. उंच्या म्हणायचो त्या पोराने चष्मेवालीला विचारलं, चष्मेवालीने उंच्याला. एकेक करून पोरं यायची बंद झाली. समितीला पाच दिवस उरले होते आणि बैठकीला भाची धरून तीन टाळकी.

त्या बुधवारी मी मधाच्या बोटाकडे त्याचं काम पोचवायला गेलो. हा माणूस गेले तीन महिने दर आठवड्याला मला एक अहवाल बांधायला द्यायचा. कधी वीस पानांचा, कधी बाराच. "मामा, तुमच्या हाताची सर यंत्राला नाही," असं म्हणायचा. मी फुलून जायचो. पार्सल मी नेहमीसारखं रद्दीत गुंडाळून, दोरा बांधून द्यायचो. तो दोऱ्याची गाठ नखाने हळूच सोडवायचा, कागद फाटणार नाही अशा बेताने. मला वाटायचं, किती आदर आहे याला कामाचा!

बुधवारी तो आतल्या खोलीत फोनवर होता. टेबलावर एक फाईल उघडी होती. त्यात कागद लावले होते, हाताने सुरकुत्या काढून सपाट केलेले, भोकं पाडून ओळीने. वरच्याच कागदावर भाचीचं अक्षर. 'मंगळवार, मुख्य पायऱ्या, साडेदहा.' कडेला माझ्या खळीचा डाग.

दर आठवड्याला बारा पानांचा अहवाल कोण बांधून घेतो हो? कुणी शहाणा माणूस घेतो का? दुधातल्या पाण्याचा माग काढणारा मी, मला एकदाही प्रश्न पडला नाही. माझं कौतुक चाललं होतं ना!

मधाचं बोट बाहेर आलं. त्याने सावकाश फाईल मिटली. "मामा, पुढच्या आठवड्यात अजून एक देतो. घाईचं नाही. बांधून, नेहमीसारखं नीट गुंडाळून द्या."

मी 'बरं' म्हणून खाली आलो. स्टुलावर बसलो आणि लाजेने रडलो. नंतर भाचीला बोलावून सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. रद्दीच्या खोक्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"मी तिला काय काय बोलले, मामा," ती म्हणाली. "तिच्या बाबांवरून बोलले."

"ते मीच तुझ्या तोंडात घातलं."

"घातलंस. पण बोलले मी."

मीही खोक्याकडे बघत होतो. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. बैठकीचे कागद खोक्यात गेले, तसेच प्रबंधातून काढलेले कागदही खोक्यातच गेले होते, वर्षानुवर्षं. आणि मोठ्या मापाचा, स्वच्छ, एका बाजूने छापलेला कागद मी गुंडाळण्यात वाया घालवत नाही. तो पुठ्ठ्याच्या आत जातो. काम हातात असताना जे पान निघतं, ते माप जुळतं म्हणून बहुतेक त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात जातं.

सहा वर्षांपूर्वीचा एक प्रबंध मला लख्ख आठवला. कंपनीच्या तेलाच्या टाक्यांच्या आसपासच्या विहिरींचा. आठवला, कारण फिरून आलेली प्रत तशीच पक्क्या बांधणीला आली होती, ती अर्धी झाली आणि कारकून धावत आला होता. मी शिवण उसवून पानं काढत होतो, तेव्हा तो संशोधक हात पाठीमागे बांधून उभा होता आणि माझ्या सुरीकडे बघत होता. मी त्याला चहा विचारला होता.

भाची म्हणाली, आत्ताच उघडूया. मी म्हणालो, अजिबात नाही. "आपण तळघरात उघडलं तर म्हणतील, मामाने रात्रीतून चिकटवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर उघडायचं." माझा संशयी स्वभाव निदान एकदा तरी योग्य कामाला आला.

दुसऱ्या दिवशी घुमीला गाठलं. वाचनकक्षात बसली होती. मी सरळ सांगितलं, चूक माझी होती, आणि संशयही मीच पेरला. तिने वही मिटली.

"घुमी, घुमी म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की मी काहीतरी लपवतेय," ती म्हणाली. "मला बोलायला वेळ लागतो, एवढंच. आणि माझे बाबा टँकर चालवतात, मामा. कंपनी नाही चालवत."

मी मान खाली घातली. समितीसमोर येशील का, असं विचारलं. येईन म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

समितीच्या दिवशी ती आली. भाचीच्या शेजारची खुर्ची सोडून, एक खुर्ची पलीकडे बसली. समोर अध्यक्ष, ग्रंथपाल बाई आणि आणखी एक प्राध्यापक. भिंतीकडेला मधाचं बोट, हातात हिरव्या शाईचं पेन. तो नेहमी हिरव्यानेच लिहायचा. सगळ्यांचे फोन बाहेर टेबलावर काढून ठेवायला लावले होते.

बाईंनी कपाटातून प्रबंध स्वतः आणला होता, तसा मीच आग्रह धरला होता. मी ओलं फडकं काढलं, तशा त्या उठल्याच.

"अहो मामा, पुस्तक भिजवताय काय?"

"बाई, मीच बांधलंय, मीच परत बांधीन. खळ पाण्याने सुटते. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटं फडकं ठेवलं. मी पुढच्या पुठ्ठ्याचं अस्तर सुरीने अलगद उचललं. आत कागद होता. कागद निघाला वसतिगृहातल्या गाद्यांच्या यादीचा.

समितीतले प्राध्यापक हसले. "पुरावा जोरदार आहे," ते म्हणाले. मधाचं बोट हसलं नाही. माझ्या लक्षात आलं ते.

मी मागच्या पुठ्ठ्यावर फडकं ठेवलं. परत दहा मिनिटं. अस्तर सुटलं, खालचा कागद पिवळट, छापील, आणि समासात हिरव्या शाईत लिहिलेलं, 'हे सौम्य करा. यादी नको.' खाली मार्गदर्शकांची सही आणि तारीख.

मधाच्या बोटाने पेन खिशात टाकलं.

अध्यक्षांनी प्रबंधातलं त्याच क्रमांकाचं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'परिसरातील पाण्याची गुणवत्ता एकंदरीत समाधानकारक आहे.' मग त्यांनी ओल्या कागदाकडे बोट दाखवलं. "हे कुणीतरी मोठ्याने वाचा."

भाची खुर्ची मागे सारेपर्यंत घुमी उठली. टेबलापाशी आली, कागदावर वाकली आणि वाचायला लागली. तिचा आवाज इतका स्पष्ट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"'तपासलेल्या अकरा विहिरींपैकी सात विहिरींच्या पाण्यात बेंझीनचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. या विहिरींचे पाणी पिण्यासाठी वापरणे तातडीने थांबवावे. विहीर क्रमांक एक, मालधक्क्याच्या फाटकाजवळ. क्रमांक दोन, चालकांच्या वसाहतीचे मैदान. क्रमांक तीन, जुन्या वजनकाट्यामागची गल्ली...'"

ती थांबली.

"पुढे वाचा," अध्यक्ष म्हणाले.

"तारीख कोणती आहे?" तिने मला विचारलं. "मामा, हे कधीचं?"

"सहा वर्षांपूर्वीचं."

"वजनकाट्यामागची गल्ली आमची आहे," ती म्हणाली. "आमची विहीर आहे ही."

सहा वर्षांपूर्वी हे पान माझ्या हातात होतं. मी त्याला खळ लावली होती, पुठ्ठ्यावर ठेवून तळहाताने दाबलं होतं, खाली बुडबुडा राहू नये म्हणून मधून कडेकडे सपाट करत नेलं होतं. एक ओळ वाचली नव्हती. त्या पोरीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

भाचीवरची नोटीस मागे घेतली जाईल, हा कागद समितीच्या ताब्यात राहील, असं काहीसं अध्यक्ष बोलत होते. बाई लगेच म्हणाल्या, आधी त्याच्या प्रती काढा, माझ्यासमोर. भाचीने ते ऐकलंच नाही. ती घुमीकडे बघत होती, आणि घुमी केव्हाच दाराबाहेर गेली होती.

आम्ही दोघं मागोमाग बाहेर आलो. घुमीने टेबलावरून फोन उचलला होता. नंबर दोनदा चुकला. भाचीने पुढे होऊन तिच्या खांद्यावरचं दप्तर उतरवून स्वतःकडे घेतलं. घुमीने ते घेऊ दिलं.

"आई, पाणी भरून ठेवलंयस का?" ती फोनवर म्हणत होती. "विहिरीचं. ओतून दे. सगळं ओतून दे. नाही, उकळून नाही चालणार. बाबांच्या बाटलीत भरलंयस का? मग त्यांना फोन कर, आत्ता. सांगते नंतर. आधी ओत."